मुलांना ‘हुशार’ आणि ‘ढ’ ठरवणाऱ्या शिक्षकांना खुलं पत्र

शिक्षकहो, सप्रेम नमस्कार.

शालेय समुपदेशनाच्या कामात मूल माझ्यापर्यंत पोचण्याआधी त्याच्याबद्दलचा तुमचा शेरा पोचलेला असतो. ‘चुणचुणीत आहे, आकलन उत्तम.’ ‘घुम्या आहे, समज कमी वाटते.’ ‘धांदरट आहे, अभ्यासात बेताचाच.’ या प्रत्येक वाक्याच्या मध्यावर एक स्वल्पविराम असतो आणि माझी सगळी तक्रार त्या स्वल्पविरामाबद्दल आहे. त्याच्या अलीकडे मुलाचा स्वभाव असतो, पलीकडे त्याची बुद्धी. वाचताना मात्र सारखं वाटत राहतं की पलीकडचं अर्धं वाक्य अलीकडच्या अर्ध्यावरूनच लिहिलं गेलं आहे.

हा माझा एकटीचा संशय नाही. एडमंड गॉर्डन आणि अलेक्झांडर थॉमस या दोघांनी १९६७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी बालवर्गाच्या शिक्षकांना मुलांचे चार गट करायला सांगितले होते. वर्गात नवं काही सुरू झालं की काही मुलं थेट उडी घेतात, काही इतरांच्या मागोमाग सामील होतात, काही कडेला उभी राहून बराच वेळ बघत राहतात आणि काही शेवटपर्यंत भाग घेत नाहीत. याच शिक्षकांकडून याच मुलांच्या बुद्धीचा अंदाजही घेतला. उडी घेणारी मुलं शिक्षकांना हुशार वाटली, कडेला उभी राहणारी कमी हुशार. मुलांची बुद्धिमापन चाचणी घेतली तेव्हा या गटांचा आणि मोजलेल्या बुद्धीचा संबंध शिक्षकांच्या अंदाजात होता तितका घट्ट काही निघाला नाही. कडेला उभं राहून बघणारं मूल काय करत असतं, हा प्रश्न तसा अवघड नाही. ते बघत असतं.

तुम्हाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचा माझा विचार नाही. बुद्धी कुणालाच डोळ्यांनी दिसत नाही. दिसतो तो वर झालेला हात, उत्तराला लागलेला वेळ, आवाजातला ठामपणा, नजर, चुळबुळ. भरलेल्या वर्गात तासाभरात तुमच्या हाती एवढंच लागतं आणि त्यावरून अंदाज बांधणं भाग असतं. अडचण अशी की या खुणांपैकी बहुतेक खुणा आधी स्वभावाच्या आहेत. गणित दोघांनाही सारखंच कळलेलं असतं; एकाचा हात प्रश्न संपायच्या आत वर जातो, दुसरी मनातल्या मनात उत्तर दोनदा पडताळून पाहते आणि तोवर तुम्ही पुढच्या प्रश्नावर गेलेले असता.

स्वभाव म्हणजे नेमकं काय, याचा शोध फार जुना आहे. दुसऱ्या शतकातला वैद्य गॅलेन याने शरीरातल्या चार द्रवांवरून माणसांचे चार स्वभाव सांगितले. द्रव कधीच निकालात निघाले, चार प्रकार मात्र अजून लोकांच्या तोंडी आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पावलोव्हला त्याच्या प्रयोगशाळेतली कुत्री एकाच प्रयोगाला वेगवेगळी वागताना दिसली आणि त्याने त्याचं मूळ मज्जासंस्थेच्या जडणघडणीत शोधलं. पण वर्गात उपयोगी पडेल असं काम सुरू झालं ते १९५६ मध्ये, न्यूयॉर्कला. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने तान्ह्या बाळांपासून सुरुवात करून मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. हालचाल किती, नव्या गोष्टीकडे झेप की माघार, बदलाशी जुळवून घ्यायला लागणारा वेळ, प्रतिक्रियेचा जोर, चिकाटी, लक्ष विचलित होणं अशी नऊ अंगं त्यांनी नोंदवली. साधारण ४० टक्के मुलं सहज रुळणारी होती, १० टक्के अवघड, १५ टक्के हळूहळू रुळणारी. उरलेली ३५ टक्के मुलं कुठल्याच गटात नीट बसेनात, आणि त्यांना ओढूनताणून कुठे बसवलं नाही हा त्या दोघांचा मोठेपणा.

पुढे मेरी रोथबार्ट यांनी स्वभावाची जी व्याख्या केली ती मला सगळ्यांत कामाची वाटते. बाहेरच्या गोष्टीने माणूस किती लवकर आणि किती जोरात हलतो हा स्वभावाचा एक भाग, आणि हललेल्या स्वतःला तो कसा सावरतो हा दुसरा. दोन्हींची बैठक शरीरात आहे आणि दोन्ही तान्हेपणापासून दिसू लागतात. या व्याख्येत विचारांच्या खोलीबद्दल एक अक्षर नाही. एखादी गुंतागुंतीची कल्पना डोक्यात धरून तिची उलटापालट करण्याची ताकद ही निराळी गोष्ट आहे.

मग दोन्हींचा काहीच संबंध नाही का? आहे, पण आपण समजतो तेवढा नाही. फिलिप ॲकरमन आणि एरिक हेगेस्टॅड यांनी १९९७ मध्ये अनेक संशोधनांचे निकाल एकत्र करून पाहिले. नव्या अनुभवांबद्दलचं कुतूहल, कल्पनांमध्ये रमणं या गुणाचा बुद्धीशी सहसंबंध साधारण ०.३ निघाला. आकडेशास्त्र विसरलेल्यांसाठी सांगते, ०.३ म्हणजे एका गोष्टीतल्या फरकाचा जेमतेम ९ टक्के भाग दुसरीवरून सांगता येतो. चिंताळू स्वभावाचा संबंध याहून क्षीण आणि उलट दिशेचा. बडबड्या-मिळून मिसळून वागणाऱ्या स्वभावाचा तर जवळपास नाहीच. तरीही शेऱ्यांमध्ये बुद्धीची साक्ष म्हणून सगळ्यांत जास्त वेळा हाच गुण उभा राहतो.

गुणपत्रिकेची गोष्ट आणखी वेगळी आहे. आर्थर पोरोपॅट यांनी २००९ मध्ये ७० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती तपासली. नेटकेपणा, नेमाने काम करणं, हाती घेतलेलं पुरं करणं या स्वभावगुणाचा परीक्षेतल्या गुणांशी ०.२ च्या आसपास संबंध आढळला, आणि तो बुद्धीपासून बऱ्याच अंशी स्वतंत्र होता. म्हणजे वहीवर दिसणारे गुण हे समज आणि चिकाटी यांचं मिश्रण असतं. त्यात वावगं काहीच नाही. चिकाटीचं फळ मिळायलाच हवं. फक्त त्या मिश्रणाला ‘बुद्धी’ म्हणू नका एवढंच माझं म्हणणं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले त्या मुद्द्याकडे येते. स्वभावाचा बुद्धीशी संबंध क्षीण असला, तरी बुद्धी *दाखवता* येण्याशी त्याचा संबंध फार मोठा आहे, आणि तो संबंध परिस्थितीनुसार उलटासुलटा होतो. विल्यम रेवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९७६ मधला एक प्रयोग मी नव्या शिक्षकांना नेहमी सांगते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना भाषिक क्षमतेची एकाच धर्तीची चाचणी वेगवेगळ्या परिस्थितीत दिली. एकदा निवांत, घड्याळाचा धाक नसताना. एकदा वेळेच्या दडपणाखाली, वर कॅफीन देऊन. निवांत परिस्थितीकडून ताणाच्या परिस्थितीकडे जाताना अंतर्मुख विद्यार्थ्यांची कामगिरी खाली गेली आणि बहिर्मुखांची वर आली. थोडं थांबून विचार करा. माणसं तीच होती. परीक्षकाने फक्त खोलीतलं वातावरण बदललं आणि ‘कोण जास्त हुशार’ या प्रश्नाचं उत्तर बदललं. बरं, हे कायमचं समीकरण मानावं तर तेही नाही. रेवेल यांच्याच १९८० च्या प्रयोगांमध्ये सकाळी दिसलेला कॅफीनचा परिणाम संध्याकाळी उलटा झाला, आणि तिथे खरा धागा बहिर्मुखतेपेक्षा उतावीळपणाचा असल्याचं दिसलं. एकाच मुलाचा सकाळचा पहिला तास आणि दुपारचा शेवटचा तास यांतला फरक तुम्ही रोज पाहता. प्रयोगशाळेला तो शोधून काढावा लागला.

यामागची जुनी कल्पना हान्स आयझेंक यांची. अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो, त्याला बाहेरून थोडीशी चेतनाही पुरते. बहिर्मुखाला ती जास्त लागते. (जिभेवर लिंबाचा रस टाकला की अंतर्मुखांच्या तोंडाला जास्त पाणी सुटतं, असाही निष्कर्ष याच कल्पनेतून निघाला. वर्गात करून पाहू नका.) मेंदूतली यंत्रणा आयझेंकना वाटली त्याहून बरीच गुंतागुंतीची निघाली, पण गोंगाट आणि घाई सगळ्यांना सारखी मानवत नाही हे निरीक्षण टिकलं. एड्रियन फर्नहॅम आणि ॲना ब्रॅडली यांच्या १९९७ च्या प्रयोगात मागे पॉप संगीत चालू असताना वाचून समजून घेण्याचं काम अंतर्मुखांना बहिर्मुखांपेक्षा जास्त जड गेलं. ‘गाणी लावून अभ्यास होतो का?’ या घरोघरच्या भांडणाचं उत्तर प्रत्येक मुलागणिक वेगळं असू शकतं.

तोंडी परीक्षेबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. लाजाळू मुलाला समोर बसवून चार प्रश्न विचारले आणि त्याला येतं-जातं काय ते कळलं, असा आपला समज असतो. रे क्रोझियर आणि के. होस्टेट्लर यांनी २००३ मध्ये नऊ-दहा वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात शब्दसंग्रहाची चाचणी काहींना समोरासमोर एकट्याने दिली, काहींना सगळ्या वर्गाबरोबर. समोरासमोर घेतलेल्या चाचणीत लाजाळू मुलं मागे पडली. सगळ्यांबरोबर बसून दिलेल्या चाचणीत ती इतरांच्या बरोबरीने होती. मला यातली विसंगती फार बोलकी वाटते. मूल मागे पडलं की आपण म्हणतो, ‘याला वैयक्तिक लक्ष द्या, एकट्याला बसवून तपासा.’ लाजाळू मुलाच्या बाबतीत नेमकं तेच त्याचं सगळ्यांत अवघड मैदान असतं. मोठ्या माणसाची रोखलेली नजर, चुकलं तर काय याची धास्ती, आणि आपल्यामुळे ही शांतता लांबतेय ही जाणीव; शब्दाचा अर्थ आठवायला त्यातून कितीशी जागा उरणार?

जागा हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. आकडेमोड करताना, लांब वाक्य समजून घेताना आपण जे जे मनात धरून ठेवतो ते कार्यकारी स्मृतीत असतं आणि तिची मर्यादा फार लहान आहे. मायकेल आयझेंक (वर उल्लेख आलेल्या हान्स आयझेंक यांचे चिरंजीव) आणि मॅन्युएल काल्व्हो यांनी १९९२ मध्ये मांडलं की चिंता याच जागेत येऊन बसते. त्यांनी केलेला एक भेद शिक्षकांनी लक्षात ठेवावा असा आहे. चिंताळू माणसाचं उत्तर बरेचदा बरोबरच येतं, पण त्यासाठी त्याला जास्त मेहनत आणि जास्त वेळ लागतो. वेळेची मर्यादा नसेल तर तुम्हाला फक्त बरोबर उत्तर दिसतं. मर्यादा घातली की तीच जास्तीची मेहनत अर्धवट राहिलेल्या पेपराच्या रूपाने बाहेर येते आणि आपण लिहितो, ‘गती कमी.’

आणि दडपणाचा फटका ‘कच्च्यांनाच’ बसतो असंही नाही. शॉन बायलॉक आणि थॉमस कार यांनी २००५ मध्ये दाखवलं की अवघड गणितं सोडवताना दडपण वाढवलं तर ज्यांची कार्यकारी स्मृती मोठी तेच घसरले. ती लहान असणाऱ्यांच्या कामगिरीत तेवढा फरक पडला नाही. मोठी स्मृती असणारे ज्या लांब पल्ल्याच्या पद्धती एरवी सहज वापरतात, त्यांनाच दडपणाखाली जागा पुरत नाही. सराव परीक्षेत अव्वल येणारं मूल अंतिम परीक्षेत कोसळतं तेव्हा ‘आत्मविश्वास नडला’ म्हणण्याआधी हे आठवावं.

‘थोडं दडपण हवंच’ असं तुमच्यापैकी बरेच जण म्हणतात आणि त्याला शास्त्राचा आधार म्हणून एक उलट्या यू आकाराचा आलेख दाखवला जातो. त्याचं मूळ पाहण्यासारखं आहे. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांना काळ्या आणि पांढऱ्या खोक्यांत फरक करायला शिकवलं. चुकलं की विजेचा झटका. फरक ओळखणं सोपं होतं तेव्हा झटका जितका जास्त तितकं शिकणं लवकर झालं. फरक ओळखणं कठीण केलं तेव्हा मात्र मध्यम झटक्यालाच उंदीर सगळ्यांत लवकर शिकले. त्याहून जोराचा झटका शिकण्याच्या आड आला. उंदरांवरून मुलांकडे उडी मारण्यात धोका आहेच. पण तो आलेख दाखवायचाच असेल तर पुरता दाखवा, आणि मग सांगा, ज्या विषयाला आपण सगळ्यांत कठीण म्हणतो त्याच विषयाच्या तासाला सगळ्यांत जास्त धाक का असतो?

आतापर्यंत मी मागे राहणाऱ्या मुलांचीच बाजू मांडली. उतावीळ मुलांवर होणारा अन्याय वेगळ्या जातीचा आहे. जेरोम केगन यांनी १९६४ च्या सुमारास एक साधी चाचणी तयार केली. एक चित्र वर, त्याच्यासारखी दिसणारी सहा चित्रं खाली, आणि त्यांतलं एकच तंतोतंत तसं. काही मुलं सगळी चित्रं न्याहाळून बोट ठेवतात, काही पहिल्याच बऱ्यापैकी सारख्या चित्रावर. दुसऱ्या प्रकारच्या मुलांच्या चुका इथेही जास्त होतात आणि वाचनातही. या मुलांना आपण दिवसभर एकच उपदेश करतो: ‘सावकाश, घाई नको.’ डोनाल्ड माइकेनबॉम आणि जोसेफ गुडमन यांनी १९७१ मध्ये अशा मुलांवर दोन उपाय करून पाहिले. मोठ्यांनी सावकाश काम करून दाखवलं तेव्हा मुलं सावकाश झाली, पण चुका काही कमी झाल्या नाहीत. ‘आता काय करायचं आहे? हे चित्र बघ, आता याचा कान बघ, इथे वेगळा आहे, म्हणजे हे नव्हे’ असं स्वतःशी बोलत काम करायला शिकवलं तेव्हा चुका कमी झाल्या. वेळ वाढवून दिला म्हणजे विचार आपोआप होतो असं नाही. त्या वेळात काय करायचं हे उतावीळ मुलाला कुणी दाखवलेलंच नसतं. त्याला तुम्ही दिलेली शिक्षा म्हणजे रिकामा वेळ असते, आणि रिकामा वेळ हीच तर त्याची मुख्य अडचण.

संयमाचा विषय निघालाच आहे तर त्या मिठाईच्या गोष्टीबद्दलही. लहान मुलासमोर एक गोड तुकडा ठेवायचा, थांबलास तर दोन मिळतील म्हणायचं, आणि जो थांबेल तो पुढे आयुष्यात यशस्वी. पालकसभांमध्ये ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की आता सांगणाऱ्याच्या आधी शेवट सांगू शकते. वॉल्टर मिशेल यांचे ते प्रयोग खरे आहेत. पण २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी ९०० हून अधिक मुलांवर पुन्हा तपासणी केली तेव्हा पुढच्या शैक्षणिक यशाशी असलेला संबंध पूर्वीच्या निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती व लहानपणची बौद्धिक क्षमता हिशेबात धरल्यावर तोही दोन तृतीयांशाने आटला. त्याआधी २०१३ मध्ये सेलेस्ट किड यांच्या प्रयोगात मुलांना आधी एका मोठ्या माणसाने चित्रकलेचं चांगलं साहित्य आणून देतो असं वचन दिलं. काहींसाठी ते पाळलं, काहींसाठी मोडलं. वचन पाळलं गेलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, मोडलं गेलेली ३ मिनिटं. म्हणजे ज्याला आपण मुलाचा उतावळा स्वभाव म्हणून नोंदवतो त्यात आपल्या शब्दाची किंमतही मोजली जात असते. याचा अर्थ आत्मसंयम बिनमहत्त्वाचा असा मुळीच नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन इथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा अजूनही माग ठेवला जातो. तिथे लहानपणच्या संयमाचा प्रौढपणच्या आरोग्याशी आणि आर्थिक स्थितीशी संबंध दिसला आहे, बुद्ध्यंक आणि घरची परिस्थिती वजा करूनही. तो मोलाचा आहेच, पण त्याचं नाव संयम आहे.

बुद्धी मोजण्याची साधनं ज्यांनी घडवली त्यांना हे सगळं ठाऊक नव्हतं असं समजू नका. थिओडोर सिमोन यांच्यासोबत १९०५ मध्ये पहिली उपयोगी बुद्धिमापन चाचणी देणाऱ्या आल्फ्रेड बिने यांनी त्याच्या दोनच वर्षं आधी स्वतःच्या दोन मुलींच्या विचारपद्धतीवर एक आख्खं पुस्तक लिहिलं होतं. एक वस्तूकडे बारकाईने बघणारी, नेमकं बोलणारी. दुसरी कल्पनेत हरवणारी. एकाच घरातल्या, एकाच बापाने तपासलेल्या. त्या दोघींना ओळीत पुढे-मागे उभं करण्यात त्यांना रस नव्हता. प्रत्येकीचं डोकं कसं चालतं हे त्यांना पाहायचं होतं. डेव्हिड वेक्सलर यांच्या चाचण्या आज जगभर वापरल्या जातात. त्यांनीही १९४३ मध्ये स्पष्ट लिहिलं की बुद्धीच्या कामगिरीत जिद्द, उत्साह, आवेग अशा बौद्धिक नसलेल्या गोष्टींचा वाटा असतो. चाचण्या आपण उचलल्या, त्यांच्याबरोबरच्या सूचना तिथेच राहिल्या.

आता तुमचे आक्षेप. ‘जग काही लाजाळू माणसासाठी थांबत नाही, मग सवय नको का लावायला?’ हवी. पोहायला न येणाऱ्याला पाण्यात उतरवावंच लागतं. पण तो गटांगळ्या खातोय त्या क्षणी त्याची भूगोलाची परीक्षा कुणी घेत नाही. चारचौघांत बोलण्याचा सराव वेगळा ठेवा, त्याचे गुणही वेगळे द्या. इतिहासाच्या समजेचं माप घेताना दोन्हींची सरमिसळ नको. ‘काही कामांत वेगच लागतो’ हेही बरोबर. जिथे लागतो तिथे वेग मोजा आणि मोजमापाला वेग असंच नाव द्या. ‘सगळीच मुलं सारखी हुशार असतात असं म्हणायचंय का?’ नाही, तसं मी म्हणत नाही. समजेत फरक असतात, बरेच मोठे असतात, आणि ते झाकून मुलांचं भलं होत नाही. म्हणूनच तर ते दुसऱ्याच कशावरून तरी ठरवले जाऊ नयेत.

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हणही तुमच्यापैकी कुणी तरी पुढे करेलच. केगन यांना चार महिन्यांच्या बाळांमध्ये साधारण पाचापैकी एक बाळ नव्या आवाजाने, नव्या वासाने जोरात हातपाय झाडणारं आणि रडणारं दिसलं. अशी बाळं पुढे बुजरी होण्याची शक्यता जास्त होती. पण सातत्याने अतिशय बुजरी राहिलेली त्यांतली थोडीच; बाकीची मधल्या कुठल्या तरी जागी येऊन पोचली. तितकीच लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे त्यांच्यापैकी फारच थोडी मुलं बेधडक झाली. स्वभाव काही वाटा अवघड करतो, पण पुढे नेमकी कुठली वाट धरली जाईल ते त्यावरून ठरत नाही. थॉमस आणि चेस यांनीही शेवटी सगळा भर मुलाचा स्वभाव आणि भोवतालच्या मोठ्यांच्या अपेक्षा यांचा मेळ बसण्यावर दिला, आणि त्यांतलं पटकन बदलण्याजोगं अंग मोठ्यांच्या हातात आहे.

एक भीती मात्र इथेच बोलून ठेवते. हे पत्र वाचून कुणी उत्साहाने वर्गाचे ‘अंतर्मुख’ आणि ‘बहिर्मुख’ असे दोन भाग करेल, त्यांना वेगवेगळ्या रंगाच्या पट्ट्या देईल आणि गॅलेनच्या चार खोक्यांच्या जागी दोन खोकी येतील. कृपा करून तसं करू नका. बहुतेक मुलं मधोमध असतात, आणि गणितात बुजणारं मूल नाटकात धीट असू शकतं.

मी मागतेय ते फार मोठं नाही. एकच गोष्ट किमान दोन तऱ्हांनी तपासल्याशिवाय समजेबद्दल मत लिहू नका. एक तऱ्हा तोंडी असेल तर दुसरी लेखी, एक घड्याळ लावून असेल तर दुसरी न लावता. दोन्हीकडे मूल अडखळलं तर तुमचं मत बहुधा बरोबर आहे आणि मदत लगेच सुरू करायला हवी. एकीकडेच अडखळलं तर ते का, याची मुलाच्या भाषेतली हकिगत मला कळवा, निष्कर्ष नको.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण तपासलं आणि १९७४ मध्ये लिहिलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात. मग दुसऱ्याला विचारतात नाहीतर स्वतःच बोलू लागतात. ही वाट पाहणं तीन सेकंदांवर नेलं तेव्हा उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, न विचारता बोलणारी मुलं वाढली आणि ज्यांना शिक्षक मंद समजत होते त्यांच्याकडूनही उत्तरं येऊ लागली. त्यासाठी पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही. पण तीन सेकंदांची शांतता बोलणाऱ्याला फार लांब वाटते आणि आपण किती थांबलो याचा प्रामाणिक अंदाज स्वतःला येत नाही. तेव्हा पुढच्या आठवड्यात एखाद्या सहकाऱ्याला घड्याळ देऊन मागच्या बाकावर बसवा. प्रश्न संपल्यापासून तुमचा पुढचा शब्द येईपर्यंतचा वेळ त्याने प्रत्येक वेळी टिपायचा, आणि त्यापुढे ज्या मुलाला विचारलं होतं त्याचं नाव लिहायचं. तुम्ही कुणासाठी जास्त थांबता आणि कुणासाठी कमी, ते त्या कागदावर उतरेल. नंतर एक तास तुम्ही त्याच्या वर्गात बसा.

कळावे,
आपली,
एक शालेय समुपदेशक